भंगारातली लाँच

(दृश्य: वैनगंगेचा काठ, पहाट. डोंगे पाण्यात. त्यांच्या पलीकडे, ओंड्यांवर चढवलेली एक पत्र्याची लाँच.)

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे वैनगंगा अडली आणि पवनीकडच्या धिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना, नदीच्या जागी जलाशय मिळाला. नदीला लाकडी डोंगा पुरायचा. इथं वारा सुटला की लाट थेट डोंग्यात येते. म्हणून त्यांच्यातल्या दोघा भावांनी भंगारातून, किलोच्या भावानं, ॲल्युमिनियमची ही केबिनवाली लाँच आणली.

ॲल्युमिनियम गंजत नाही, असं आपण धरून चालतो. तळाच्या फळ्या काढल्या तेव्हा खरं काय ते कळलं. खाली फोम होता, स्पंजासारखा पाणी प्यालेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ही लाँच किती वर्षं स्वतःचंच ओझं वाहत होती कोण जाणे. फोमखाली पत्र्यावर पांढरी भुकटी, आणि भुकटी खरवडली की सुईच्या टोकाएवढे खड्डे. मोकळ्या हवेत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तोच त्याचं चिलखत. ओल्या फोमखाली हवा पोचत नाही, चिलखत तुटलं तर पुन्हा धरत नाही. जिथं कुणी लोखंडी बोल्ट ठोकले होते, तिथं तर पत्रा बोल्टभोवती गोल खाल्लेला. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, की कमजोर धातू झिजतो. इथं कमजोर ॲल्युमिनियम.

(दृश्य: लाँचमध्ये बादल्यांनी पाणी ओतलं जातंय.)

बोटीत पाणी भरताना पाहून गावातली पोरं हसली. पण गळती शोधायची हीच रीत. ओंडे पक्के लावायचे, पाणी थोडंच भरायचं आणि बाहेरून जिथं थेंब दिसेल तिथं खडूनं गोल करायचा. एकेचाळीस गोल झाले.

काम सांगायला आले ते एसटीच्या बसबॉडीचे निवृत्त मिस्त्री. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पत्रे जोडणारे रिव्हेट, यातच त्यांची हयात गेली. धाकट्यानं पुट्टीचा डबा काढला, तसे ते म्हणाले, "पुट्टी लावशील तं पानी दिसनार नाही बाप्पा, पन येनं थांबनार नाही."

सैल रिव्हेट त्यांनी ठोकून पुन्हा बसवले. एक जण बाहेरून हातोडा धरणार, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवणार, दोघांचा ताल जमला पाहिजे. भावाभावांनी हे दिवसभर केलं, फारसं न बोलता.

वेल्डिंगला मात्र घाई चालत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइड दोन हजारांच्याही पुढे. थर तसाच ठेवला तर आतला धातू पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते. म्हणून स्टेनलेसच्या ब्रशनं जागा घासायची, तोच ब्रश लोखंडाला कधी लावायचा नाही आणि लगेच, हवा दूर ठेवणाऱ्या आरगॉन वायूच्या झोतात, टाका घालायचा. वितळण्याआधी हा धातू लाल होऊन इशाराही देत नाही. नजर हटली की भोक.

केबिन त्यामानानं सोपी. कुजलेलं प्लायवुड गेलं, नवं आलं, कडा इपॉक्सीनं बंद केल्या. तळाला या खेपेला फोम नाही. फळ्या उचलता येतील अशा ठेवल्या आणि पाणी निघायला वाट ठेवली. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा तुकडा तळाला बसवला, म्हणजे पत्र्याआधी तो झिजेल. मला ही सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते.

(दृश्य: लाँच पाण्यात उतरते.)

तासाभरानं थोरल्यानं फळी उचलली, बॅटरी मारली. एक रिव्हेट पाझरत होता. मिस्त्रींनी खिशातून खडू काढला.

"बेचाळीस," ते म्हणाले आणि गोल केला.