लोकलच्या गोंगाटात इअरफोन निवडताना : आधी रबर बघा

नमस्कार. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रोज जाणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन किमान अडीच तास लोकलमध्ये जातात. डब्यात खडखडाट वाढला की अंगठा आपोआप आवाज वाढवायच्या बटणाकडे वळतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरले जाते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८६ डेसिबलला हाती १० तास उरतात, आणि सोमवारपासून प्रवासभर ऐकणारा आपला बदलापूरकर ते गुरुवारी संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत संपवून टाकतो. शुक्रवार-शनिवारचे ऐकणे उधारीवर चालते.

बाहेरचा आवाज कानापर्यंत कमी पोहोचला, तर आतला आवाज वाढवावा लागत नाही, एवढेच साधे गणित ध्वनिरोधक इअरफोनमागे आहे. नॉइज कॅन्सलेशन हा त्यातला गाजलेला प्रकार: इअरफोनमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लहर आत सोडून तो खोडून काढतो. एकसुरी, खर्जातल्या आवाजांवर, म्हणजे चाकांची घरघर किंवा विमानाच्या इंजिनाची गुणगुण यांवर, हे तंत्र उत्तम चालते. पण फेरीवाल्याची आरोळी, लहान मुलाचे रडणे किंवा डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ अशा उंच आणि अचानक येणाऱ्या आवाजांपुढे ते तोकडे पडते. (भजनी मंडळाचा आवाज बंद करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.) तिथे कामाला येते ती कानाची नळी घट्ट बंद करणारी साधी टोपी, जिला दुकानदार आणि आपण सगळेच 'रबर' म्हणतो. तिला ना बॅटरी लागते, ना चार्जिंग.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. माझ्या एका महागड्या इअरफोनमधून तबला ऐकताना डग्ग्याचा घुमारा येतच नव्हता, म्हणून मी तो माल खराब ठरवून कपाटात टाकला. वर्षभराने सहज डाव्या कानाला एक माप मोठे रबर लावून पाहिले आणि डग्गा बोलू लागला. रबर आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली की खर्ज तिथून निसटतो आणि बाहेरचा गोंगाट त्याच फटीतून आत येतो. त्यामुळे डग्गा पोकळ लागला, तर इअरफोनला दोष देण्याआधी रबर बदलून बघावे. दोन्ही कानांना एकच माप बसेल, असेही धरून चालू नये.

सिलिकॉनपेक्षा फोमच्या टोप्या सहसा अधिक आवाज अडवतात, मात्र त्या बसवण्याची रीत आहे. ही बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो: टोपी बोटांच्या चिमटीत फिरवत वातीसारखी बारीक करायची, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, टोपी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायची. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग फोम चालत नाही म्हणतात.

खरेदी करताना इअरफोनच्या पुढच्या नळीची जाडीही पाहावी. १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन आणणारी एटिमोटिक आणि एसई २१५ बनवणारी शुअर या कंपन्यांच्या अशा इअरफोनची नळी बारीक असते, त्यामुळे बाजारात मिळणारी सर्वसाधारण रबरे तिच्यावर सैल बसतात आणि एखादे कानातच राहून जाण्याची भीती असते. एटिमोटिकची एकावर एक तीन छत्र्यांसारखी टोपी आवाज फार छान अडवते, पण ती इतकी खोल जाते की पहिल्या दिवशीच कंटाळून ती काढून टाकणारे मी पाहिले आहेत. वायर कानावरून मागे घेता येत असेल, तर जरूर घ्यावी, कारण शर्टावर घासणाऱ्या वायरीची खसखस बंद कानात मोठी होऊन ऐकू येते.

बंद कानांचा एक तोटा मात्र टळत नाही. चालताना स्वतःच्या पावलांचे धप्पधप्प आणि वडापाव खाताना स्वतःचेच चावणे ऐकू येते. त्याहून गंभीर म्हणजे मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून गाडीतून उतरण्याआधीच दोन्ही इअरफोन काढून खिशात ठेवावेत. काढताना फोम एकदम उपटू नये, हलके पिळत बाहेर घ्यावा.

घामाने आणि मळाने फोम काही महिन्यांत निकामी होतो. चिमटीत दाबून सोडल्यावर तो सावकाश न फुगता लगेच उसळला किंवा चेपलेलाच राहिला, तर नवी जोडी घ्यावी.