कुर्ब्स्कीचं पत्र आणि झारचा जबाब

नमस्कार श्रोतेहो.

‘फितूर’ हा शब्द मराठी कानाला फार बोचतो. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्याला त्याच्या राजानं नेमकं हेच ठरवलं. त्याचं स्वतःचं म्हणणं निराळं होतं.

राजपुत्र आंद्रेई कुर्ब्स्की. जन्म १५२८, रशियातल्या यारोस्लाव्हलच्या जुन्या राजवंशातला. रशियाचा झार, म्हणजे सम्राट, चौथा इव्हान त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान. १५५२ साली इव्हाननं तातारांचा कझानचा किल्ला घेतला तेव्हा चोविशीतला कुर्ब्स्की जिवावर उदार होऊन लढला, जखमी झाला. सिल्व्हेस्टर नावाचा धर्मगुरू आणि अलेक्सेई अदाशेव हे तेव्हा झारचे सल्लागार. कुर्ब्स्कीची ऊठबस त्यांच्यातच.

मग वारं फिरलं. हे दोघे झारच्या मर्जीतून उतरले, सरदारांच्या माना उडू लागल्या. १५६२ साली नेव्हेलच्या लढाईत कुर्ब्स्कीलाही अपयश आलं. पुढची पाळी आपली, हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. एप्रिल १५६४. बायकोमुलाला मागे सोडून, आज ज्याला तार्तू म्हणतात त्या गावातून तो रातोरात निसटला आणि पोलंड-लिथुआनियाच्या राजाला जाऊन मिळाला.

त्या राजाच्या ताब्यातल्या व्होल्मार गावी पोचल्यावर त्यानं झारला पत्र लिहिलं. तुझ्यासाठी किल्ले जिंकणारे सेनापती तू का मारलेस? हे पत्र मी माझ्या शवपेटीत ठेवायला सांगणार आहे, देवाच्या दरबारात दाखवीन.

झार गप्प बसतो होय! त्याचं उत्तर मूळ पत्राच्या कितीतरी पट लांब. बायबलचे दाखले, बालपणीच्या तक्रारी, शिव्या, सगळं एकत्र. पण त्यातला एक टोला वर्मी बसणारा आहे. तू एवढा पुण्यवान, तर माझ्या हातून मरण का नाही पत्करलंस? तुझा नोकर वास्का शिबानोव्ह बघ, मरणाच्या दारातही तुझी बाजू सोडली नाही. त्याच्यापुढे तुला लाज नाही वाटली?

मला विचाराल तर, या प्रश्नाला कुर्ब्स्कीकडे धड उत्तर नव्हतं.

लिथुआनियात त्याला कोवेलची जहागीर मिळाली. थोड्याच महिन्यांत तो लिथुआनियाच्या फौजेबरोबर रशियावरच चालून गेला. इथं मात्र त्याची बाजू घेणं जड जातं. झारच्या जुलमावर लिहिणारा हा माणूस कोवेलमध्ये स्वतः जमीनदार म्हणून कडक होता, शेजाऱ्यांशी भांडणंही पुष्कळ. दुसरीकडे, उतारवयात लॅटिन शिकून त्यानं ऑर्थोडॉक्स धर्मग्रंथांची भाषांतरं केली आणि इव्हानच्या कारकिर्दीचा जळजळीत इतिहास लिहिला.

१९७१ साली एडवर्ड कीनन या अमेरिकी इतिहासकारानं ही पत्रंच बनावट, सतराव्या शतकातली आहेत, असा बॉम्ब टाकला. बरीच वर्षं वाद चालला, पण बहुतेक अभ्यासक आजही ती खरी मानतात.

१५७७ साली इव्हाननं व्होल्मार जिंकलं आणि तिथूनच कुर्ब्स्कीला लिहिलं: तू जिथं विसाव्याला आलास, तिथं देवानं आम्हालाही आणलं बघ. दोन वर्षांनी पोलंडच्या राजानं इव्हानच्या ताब्यातलं पोलोत्स्क शहर घेतलं. कुर्ब्स्की त्या फौजेत होताच. त्यानं आपलं उत्तर पोलोत्स्कहूनच धाडलं.

१५८३ साली कोवेलजवळ तो वारला. पुढच्याच वर्षी इव्हानही गेला.