थोबाडीत बसल्यानंतरचे दोन सेकंद

नमस्कार मंडळी. आज मला बोलायचंय ते मोबाईलवर उभ्या स्क्रीनवर बघतो ना आपण, त्या शॉर्ट ड्रामांबद्दल. मिनिट-दोन मिनिटांचा एपिसोड, असे साठ-सत्तर, कधी कधी शंभर, आणि गोष्ट बहुतेक तीच, प्रेमात फसवली गेलेली बाई परत येते आणि एकेकाचा हिशोब चुकता करते. चीनमध्ये याला दुआनज्यू म्हणतात, तिथूनच ही लाट जगभर पसरली. पुष्कळ जण नाकं मुरडतात, पण मला हे मनापासून आवडतं, कारण एवढ्याशा वेळात नुसत्या चित्रातून दुखणं पोचवायचं म्हणजे खायचं काम नाहीये.

आधी फ्रेमच बघा. सिनेमाचा पडदा आडवा, इथे 9:16, म्हणजे उभा. दोन माणसं शेजारी शेजारी उभी केली की खांदे कापले जातात, मग करतात काय, तर ती पुढे, कॅमेऱ्याकडे तोंड करून, आणि तो तिच्या मागे, जरासा धूसर. तो खोटं बोलतोय, त्याला तिचा चेहरा दिसत नाही पण आपल्याला दिसतोय! तिचं गुपित आता आपल्याकडे आलं, आपण तिच्या बाजूचे झालो, आणि तिने अजून एक शब्दसुद्धा उच्चारलेला नाही.

आता ती थोबाडीत मारायची सीन. तीन अँगलने, स्लो मोशनमध्ये, वर ढॅण ढॅण म्युझिक. अहो, मारणारा हात कशाला दाखवताय एवढा? त्यानंतरचे दोन सेकंद दाखवा ना, गाल लाल झालाय, डोळ्यात पाणी तरारलंय आणि ती ते खाली पडू देत नाहीये. पुढचे पन्नास एपिसोड त्या न पडलेल्या पाण्यावर चालतात.

किंवा अंगठी घ्या. समजा घटस्फोटाच्या कागदावर सही करून ती अंगठी काढतेय, ती पेरावर अडकते, ओढून निघते आणि बोटावर पांढरा वळ राहतो. पुढे कधीतरी पार्टीत तिच्या हातात ग्लास, तेच बोट, तोच अँगल, वळ गेलेला. त्याची नजर तिथे जाते. झाला सूड!

1920च्या आसपास रशियात कुलेशोव्ह नावाच्या सिनेदिग्दर्शकाने हेच दाखवलं होतं, एकच निर्विकार चेहरा, त्याला एकदा सूपचा बाऊल जोडला, एकदा शवपेटी, की बघणाऱ्याला त्यात कधी भूक दिसते कधी दुःख. आपल्या नायिकेलाही हेच लागू, तिच्या चेहऱ्यानंतर फाडलेला फोटो दाखवला तर राग, आणि जपून ठेवलेला दाखवला तर, काय म्हणू, अजून जीव अडकलाय. हे दोन्ही दिसलं पाहिजे, नाहीतर रोमान्स कुठे राहिला, नुसती मारामारीच.

पुष्कळ जण हे आवाज बंद करून, सबटायटल वाचत बघतात. मीही परवा तसाच एक बघितला. शेवटी तो दारात भिजत उभा, ती आतून पडदा ओढतेय, आणि अर्ध्यावर हात थांबतो, बोटं कापडात रुततात, मग पडदा पूर्ण लागतो. मी तेवढंच तीनदा मागे नेऊन बघितलं.