जुनी डिस्क मरायच्या आधी अख्खं लिनक्स नव्या डिस्कवर

नमस्कार मंडळी, एवढ्या पावसात खानापूर, निपाणीकडनं आलाय, तर सरळ विषयावरच येतो. आपल्या बेळगावातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याचं मशीन बघा, मराठी कीबोर्ड, कन्नड कीबोर्ड, दोन्हींचे फाँट, लग्नपत्रिकेचे साचे, प्रिंटरची सेटिंगं, हे सगळं बसवण्यात वर्षं गेलेली असतात आणि हार्डडिस्क कुरकुरायला लागली की कुणीतरी सांगतं फॉरमॅट मारा, नवीन टाका. कशाला? लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असली तर ती जशीच्या तशी दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येतेय की.

डिस्कची हुबेहूब नक्कल काढणारी डीडी कमांड सगळ्यांना माहीत असते. ती डिस्कचा ब्लॉक न् ब्लॉक उचलते, रिकामी जागासुद्धा, म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर 80 जीबीच भरलेलं असलं तरी ती पूर्ण 1 टीबी वाचत बसणार, आणि 500 जीबीच्या एसएसडीवर ते मावणार नाही. इनपुट आउटपुट, म्हणजे कुठनं कुठं कॉपी करायचं ते, उलटं टाकलं तर न विचारता भरलेली डिस्क पुसून मोकळी, म्हणून आधी डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारून साइज आणि मॉडेल बघाच. डिस्कला बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा, असल्या तर डीडीरेस्क्यू घ्या, साधं डीडी वाचता न आलेल्या जागी थांबतं.

मी आरसिंकच वापरा म्हणेन, ते रिकामी जागा सोडून फक्त फाइली कॉपी करतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरनं, म्हणजे ज्याच्यावरनंच लिनक्स चालतं अशा पेनड्राइव्हवरनं, बूट करा, कारण चालू सिस्टिममधल्या फाइली कॉपी होता होता बदलत असतात. नव्या डिस्कवर पार्टिशन पाडून ते लिनक्सच्या ईएक्सटी4 प्रकारात फॉरमॅट करा, जुनं-नवं दोन्ही माउंट करा, म्हणजे सिस्टिमला जोडून घ्या, आणि आरसिंकला स्मॉल ए, मग कॅपिटल ए, एक्स, एच हे ऑप्शन द्या म्हणजे मालकी, परवानग्या, हार्डलिंक सगळं शाबूत राहतं. नुसतं कॉपी पेस्ट केलं की रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य मालकाच्या, फाइली दुसऱ्याच्या नावावर जातात, मग ॲडमिनचा हक्क देणारी सुडो कमांडसुद्धा चालत नाही.

आणि पोरं इथंच थांबतात बघा, फाइली आल्या म्हणजे झालं असं वाटतं त्यांना, पण नव्या सिस्टिमच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत, अजून जुन्याच पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, असतो. बीएलकेआयडी कमांडनं नवीन नंबर काढून तो तिथं लिहा. मग डेव्ह, प्रोक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर नव्या डिस्कवर बाइंड माउंट करून, म्हणजे तिथंही दिसतील असे जोडून, सीएचरूट कमांडनं नव्या सिस्टिमच्या आत शिरा, लिनक्स सुरू करून देणारं ग्रब इन्स्टॉल करा, ग्रब अपडेट करा. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीनं बूट होणारं, मशीन असलं तर फॅट32 चं छोटं ईएफआय पार्टिशन वेगळं लागतं, ते आत शिरायच्या आधीच नव्या सिस्टिमच्या बूट-ईएफआय फोल्डरवर माउंट पाहिजे.

डीडीवाल्यांचा प्रश्न उलटा असतो, त्यांच्या दोन्ही डिस्कांचा यूयूआयडी एकच झालेला असतो, दोन्ही जोडून बूट केलं तर कुठली माउंट होईल सांगता येत नाही. म्हणून कुठल्याही रस्त्यानं जा, जुन्या डिस्कची केबल काढून मगच मशीन चालू करा. दोन्ही कीबोर्ड चालतायत का बघा, एक पत्रिका प्रिंट काढा आणि पुढचे काही आठवडे जुन्या डिस्कला हात लावू नका.