अंतराची उंची होताना

ग्रासहॉपरमध्ये, म्हणजे रायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या नियमांनी आकार घडवण्याच्या साधनात, ॲट्रॅक्टर पॉइंट तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी वापरलेला असेल. बिंदू माउसने सरकवला की सगळा पृष्ठभाग त्याच्यामागे उचलला जातो, आणि आपण सहज म्हणून जातो की हा चुंबक आहे. तो शब्द आज मला तुमच्या डोक्यातून काढायचा आहे. हा बिंदू काहीच ओढत नाही. ग्रिडवरच्या प्रत्येक बिंदूपासून त्याच्यापर्यंतचं अंतर मोजलं जातं आणि आपल्या हाती आकड्यांची एक यादी येते, एवढंच. त्या आकड्यांची उंची कशी करायची, हे आपण ठरवतो. डिझाइन तिथे आहे.

२० बाय २० चौकोनांचा ग्रिड घ्या, चौकोन १ मीटरचा. बिंदू ४०० नव्हेत, ४४१, कारण प्रत्येक ओळीत २१ आहेत. (पृष्ठभाग तयार करताना यू काउंटमध्ये, म्हणजे एका ओळीतल्या बिंदूंच्या संख्येत, २० लिहिल्यामुळे कंपोनंट (ते काम करणारा ग्रासहॉपरमधला डबा) लाल होऊन चूक दाखवतो, ते यामुळेच.) ॲट्रॅक्टर बरोबर मधोमध ठेवला, तर कोपरा १४.१४ मीटरवर येतो. आता अंतर शून्य तिथे उंची ५ मीटर आणि कोपऱ्यावर शून्य, असं सरळ रिमॅप केलं, म्हणजे अंतराचे आकडे त्याच प्रमाणात उंचीच्या आकड्यांत बसवले. काय उभं राहील? घुमट, असं उत्तर मला नेहमी मिळतं. उभा राहतो शंकू! उतार सगळीकडे सारखाच आहे, अगदी माथ्यापर्यंत, मग माथा गोल होणार कसा? ग्रिड विरळ असला की टोक बोथट दिसतं आणि ही चूक झाकली जाते. दाट केला की सुई वर येते.

माथा गोल हवा असेल तर तिथे उतार शून्य व्हायला हवा. अंतराचा वर्ग घ्या, की तो होतो. निम्म्या वाटेवर, म्हणजे ७.०७ मीटरवर, सरळ रिमॅपने उंची २.५ मीटर मिळत होती. वर्ग घेतला की ३.७५ मिळते. खांदे भरतात. पण कडेकडे उतार वाढत जातो. पायथाही जमिनीला अलगद टेकावा असं वाटत असेल, तर घंटेच्या आकाराचा आलेख लागतो, आणि तो ग्राफ मॅपरमध्ये, म्हणजे आलेखानुसार आकडे बदलणाऱ्या कंपोनंटमध्ये, तयार मिळतो.

रिमॅपचा एक धोका मात्र नीट समजून घ्या. यादीतलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं अंतर आपण बाउंड्स या कंपोनंटने काढतो आणि तीच दोन टोकं रिमॅपला देतो. ॲट्रॅक्टर ग्रिडच्या एका बाजूच्या मध्यासमोर १०० मीटर लांब नेला, तर अंतरं १०० ते १२०.४ अशी येतात, तरीही पृष्ठभाग ५ मीटर उचलला जातोच. लांब गेलेल्या बिंदूचा प्रभाव कमी व्हायला हवा ना? मग डोमेन, म्हणजे अंतराची किमान आणि कमाल मर्यादा, स्वतःच्या हाताने बांधा, आणि त्यापलीकडच्या आकड्यांना शून्यावर थांबवा.

दोन ॲट्रॅक्टर आले की खरी गंमत सुरू होते. प्रत्येक बिंदूसाठी जवळचाच ॲट्रॅक्टर धरला, तर दोघांच्या बरोबर मध्यावर एक घडी पडते. आलेख कितीही गुळगुळीत असो, ती पडतेच, कारण त्या रेषेवर मालक बदलतो. प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वांत जवळचा भाग वाटून देणाऱ्या व्होरोनॉय आकृतीतल्या सीमा म्हणजे याच रेषा. घडी नको असेल तर दोन्ही ॲट्रॅक्टरच्या उंचीची बेरीज करा. घंटेचे दोन सारखे आलेख एकमेकांत मिसळतात. त्यांची रुंदी, म्हणजे सिग्मा, ३ मीटर ठेवा आणि दोन बिंदू १२ मीटरवर. शिखरं दोन दिसतील. आता या अंतराचा स्लायडर सावकाश सरकवत अंतर कमी करा, अजिबात घाई करू नका. मधली दरी उथळ होत जाते, आणि अंतर सिग्माच्या दुपटीवर, ६ मीटरवर आलं, की ती पूर्ण भरून एकच माथा उरतो.