भूल उतरल्यावरचं दुखणं

नमस्कार श्रोतेहो.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासायला गेलं, की 'मला जाग येईल ना?' या प्रश्नामागोमाग दुसरा ठरलेलाच असतो, 'नंतर किती दुखेल?' आज त्याविषयी बोलतो.

मॉर्फिन अफूपासून मिळतं. त्याच जातीचं फेंटानिल १९६०च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार झालं. दुखणं शमवायला ही औषधं फार गुणी. पण मळमळ, खाज, लघवी अडणं हेही त्यांच्यासोबत येतं, आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. पित्ताशय काढल्यावर पोटावरचे ताजे टाके दोन्ही हातांनी दाबून उलटी करणारा माणूस मी पाहिला आहे. म्हणून ती जितकी कमी लागतील तितकं बरं, असं मला वाटतं.

खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी आठवतात. चादर सरकवली तरी ओरडायच्या. अशा वयात मॉर्फिनने गुंगी येते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. आम्ही सोनोग्राफी लावून जांघेजवळ सुई घातली. नसेभोवती बधिर करणारं औषध पसरताना पडद्यावर दिसत होतं. वीस मिनिटांनी पाठीतल्या इंजेक्शनसाठी त्यांना कुशीवर वळवलं, तर म्हणाल्या, "झालं का वळवून?"

मग अफूच्या जातीची औषधं अजिबातच नकोत का? तसंही नाही. फ्रान्समध्ये ऑपरेशनच्या वेळी ती टाळून डेक्समेडेटोमिडीन हे गुंगी आणणारं वेगळ्या जातीचं औषध देऊन पाहिलं. नंतर मॉर्फिन कमी लागलं, उलट्याही कमी झाल्या. पण काहींच्या हृदयाचे ठोके इतके मंदावले, की अभ्यास मध्येच थांबवला. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. पॅरासिटामॉल, सूज उतरवणारं औषध, नस बधिर करणं, आणि तरीही दुखलं तर थोडं मॉर्फिन, हा मार्ग मला पटतो.

'सवय लागेल' म्हणून दात-ओठ खाऊन सोसणाऱ्या बायका मी रोज पाहतो. बायांनो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-चार दिवस घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याची भीती फार कमी. आधी कुठलं व्यसन असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर मात्र आम्हाला आधीच सांगा. आणि सिस्टरने 'शून्य ते दहात किती दुखतंय?' असं विचारलं, तर पडल्यापडल्याचा आकडा सांगू नका. एकदा खोकून बघा, कूस बदलून बघा, मग सांगा. दुखण्यापायी खोल श्वास घेतला नाही, तर छातीत कफ साठतो.