किल्ली परत दिल्यानंतर: नागपुरातील किरायाचे घर आणि अडकलेले डिपॉझिट

नागपुरात घर बदलण्याचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर, नंदनवन या वस्त्यांमधून पलंग, कपाटे आणि कूलर लादलेले टेम्पो दिवसभर ये-जा करताना दिसतात. मिहानमध्ये नोकरीला रुजू होणारे तरुण, एम्स आणि मेडिकलमध्ये शिकायला आलेले विद्यार्थी, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत बदलून आलेली कुटुंबे या सर्वांना एकाच वेळी किरायाचे घर हवे असते. जुने घर सोडणाऱ्याचे दोन-तीन महिन्यांच्या किरायाएवढे डिपॉझिट मालकाकडे असते, आणि ते हाती येण्याआधीच नव्या घराचे डिपॉझिट भरावे लागते. जुने डिपॉझिट वेळेवर मिळाले नाही, तर मध्यमवर्गीय घराचे दोन-तीन महिन्यांचे गणित कोलमडते.

घर शोधणाऱ्याची पहिली गाठ बहुधा मालकाशी पडत नाही, दलालाशी पडते. जाहिरातीत पाहिलेले घर आधीच गेलेले असते, त्याऐवजी दुसरे दाखवले जाते, आणि तेच घर आणखी काही दलालांकडेही असल्यामुळे टोकन आजच द्यावे असा आग्रह होतो. पंधरा दिवसांच्या किंवा एका महिन्याच्या किरायाएवढी दलाली करार होताच दिली जाते. अनेकदा ती मालकाकडूनही घेतली जाते. त्यानंतर मालकाने डिपॉझिट देण्यास टाळाटाळ केली, तर दलाल सांगतो की ते तुम्ही दोघांनी आपसात पाहावे. किरायादार गेला की नवा आणण्याची दलाली पुन्हा त्यालाच मिळण्याचा संभव असतो, त्यामुळे घर वारंवार रिकामे होण्यात त्याचा तोटा नसतो. डिपॉझिट परत मिळेपर्यंत दोन्ही बाजूंशी बोलणारे दलालही या शहरात आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. परंतु तो त्यांचा चांगुलपणा आहे, त्यांच्यावर तसे कोणतेही बंधन नाही.

घर विकत घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते येथे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजेच रेरानुसार, नोंदणीकृत प्रकल्पातील घरांची खरेदी-विक्री जुळवणाऱ्या एजंटला महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली आहे. मात्र या कायद्यातील एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. एकाच कार्यालयात बसलेला एकच माणूस सकाळी नव्या प्रकल्पातील फ्लॅट विकून देतो तेव्हा त्याला नोंदणी क्रमांक लागतो, आणि संध्याकाळी दोन खोल्या किरायाने मिळवून देतो तेव्हा काहीच लागत नाही. किरायाने राहणारे बहुधा कमी साधनांचे असतात, आणि त्यांनाच या व्यवहारात सर्वांत कमी आधार आहे, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

आता कराराकडे वळू. असा दस्त नागपुरातील असंख्य घरांमध्ये सापडेल: मुद्रांकावर छापलेला, नोटरीचा शिक्का असलेला, अकरा महिन्यांचा करार. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे केले, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) किंवा भाड्याचा प्रत्येक करार, मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वाद निर्माण झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी किरायादाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही तरतूद किरायादाराच्या बाजूची आहे आणि तरीही फारच थोड्या किरायादारांना ती ठाऊक असते.

नोंदणी महाग असते ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. महिना १२,००० रुपये किराया, ३६,००० रुपये डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर एकूण किराया आणि डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के मानीव (केवळ हिशेबासाठी धरलेले) व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के या दराने मुद्रांक शुल्क ५०० रुपयांच्या आत राहते. महानगरपालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च आणि घरी येऊन आधारद्वारे अंगठा घेणाऱ्याचा मोबदला वेगळा. डिपॉझिटच्या रकमेपुढे हा खर्च नगण्य आहे.

डिपॉझिटमधून सर्वाधिक कपात भिंतींच्या नावाने होते, आणि त्यामागे नागपूरचे हवामान आहे. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या शहरात मार्चअखेरपासून खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसतो. त्याच्या गळणाऱ्या पाण्यातील क्षार भिंतीवर पांढरे थर सोडतात, खिडकीची चौकट फुगते, ग्रिल गंजते आणि आतल्या भिंतीला ओल येते. बहुतेक किरायादार घर सोडतात तेही नेमके मे-जूनमध्ये, म्हणजे ती भिंत वर्षभरात सर्वांत वाईट दिसते त्या वेळी. मग एका खिडकीखालच्या डागासाठी संपूर्ण घराच्या रंगकामाचा खर्च कापला जातो. भाडेपट्ट्यांविषयीच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, घर मिळाले होते त्याच स्थितीत परत करताना वाजवी वापराने होणारी झीज वगळली आहे. कूलरशिवाय येथे उन्हाळा काढता येत नाही, हे मालकही जाणतात. म्हणून त्याच्या डागांना किती प्रमाणात वापराची झीज मानायचे, हे घरात शिरतानाच कागदावर ठरले पाहिजे. डिपॉझिटचे भवितव्य घर सोडण्याच्या दिवशी ठरते असे वाटते, प्रत्यक्षात ते किल्ली हाती घेण्याच्या दिवशीच ठरलेले असते. त्या दिवशीची भिंतींची छायाचित्रे, मीटरचे आकडे आणि पंखे, नळ, गिझर यांची दोघांच्या सहीची यादी नसेल, तर वर्षभराने होणारी चर्चा एकाच्या आठवणीविरुद्ध दुसऱ्याच्या आठवणीची होते.

मालकांची बाजूही आहे. थकवलेले वीजबिल, तोडलेले सिंक, न सांगता ठेवलेले जास्तीचे भाडेकरू यांचा त्रास त्यांनी सोसलेला असतो. तरीही नव्या किरायादाराचे डिपॉझिट आले की तुमचे देऊ, हे उत्तर आम्ही न्याय्य मानू शकत नाही. त्याचा अर्थ एवढाच की, घेतलेली रक्कम खर्च झालेली आहे. राज्याच्या १९९९ च्या कायद्यात डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि मालकाने घराचा ताबा परत घेतानाच योग्य कपात करून रक्कम परत करण्याची तरतूद आहे, मात्र राज्य स्वीकारेल तरच तो कायदा लागू होतो.

रक्कम अडली की काही जण शेवटचे महिने किराया देणे थांबवतात, काही जण किल्ली सोडत नाहीत. त्यामागची असहायता आम्हाला समजते, पण दुसरा मार्ग धोक्याचा आहे: लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा न सोडल्यास राज्याच्या १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट शुल्काने, म्हणजे दुप्पट किरायाने, भरपाई द्यावी लागू शकते. ताबा वेळेवर द्यावा, किल्ली दिल्याची लेखी पोच घ्यावी, आणि डिपॉझिटची रक्कम, बँकेतून ती दिल्याची तारीख व मान्य असलेली कपात लिहून नोंदणीकृत डाकेने मागणीपत्र पाठवावे. पैशाच्या वसुलीचा दिवाणी दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तीस-चाळीस हजारांसाठी वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच अर्ज देता येतो. तेथे दुसऱ्या पक्षाला बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो, आणि लोकअदालतीत तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो.